सरळ रेषेत ‘समाधानी’: उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा अभिप्राय फॉर्म आणि त्याची भाषा

बेळगावच्या उद्यमबाग–मच्छे पट्ट्यातल्या मध्यम आकाराच्या फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात) जे वरचेवर दिसतं, ते एका जागी आणून रचलेलं हे प्रकरण आहे. त्यामागे कुठलाही एक ठरावीक कारखाना नाही. एचआर खात्यात काम करणाऱ्यांनी आणि कामगार प्रतिनिधींनी समोर ठेवून चर्चा करावी, एवढ्यासाठी ते मांडलं आहे.

कारखान्यात दोनशेच्या आसपास माणसं आहेत. भट्टी, मोल्डिंग (साचे करणं), कोअर शॉप, नॉकआउट, फेटलिंग (ओतलेले भाग घासून साफ करणं), छोटं मशीन शॉप आणि डिस्पॅच ही खाती तीन पाळ्यांत चालतात. मोल्डिंग आणि मशीन शॉपला येळ्ळूर, पिरनवाडी, खानापूर बाजूचे मराठी बोलणारे जास्त. काही जण चंदगड तालुक्यातून रोज हद्द ओलांडून येतात. भट्टीवर आणि डिस्पॅचला बैलहोंगल, सौंदत्तीकडचे कन्नड बोलणारे, तर फेटलिंगला ठेकेदारानं आणलेली बिहार-ओडिशाची मुलं. मिस्त्री एका वाक्यात दोन्ही भाषा मिसळतात आणि कुणाचं काही अडत नाही. ऑफिसची पत्रं मात्र इंग्रजीत तयार होतात आणि मग मराठी-कन्नडमध्ये उतरवली जातात.

दिवाळीच्या आधी अभिप्राय फॉर्म वाटले गेले आणि जवळजवळ सगळे परतही आले. बहुतेकांवर पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत ‘समाधानी’ या एकाच रकान्यात खुणा होत्या, पट्टी लावून मारल्यासारख्या. ‘सूचना असल्यास लिहा’ या चार ओळी कोऱ्या होत्या, नाहीतर तिथं ‘काही नाही’ असं लिहिलेलं होतं. ऑफिसला हायसं वाटलं. त्याच महिन्यांत फेटलिंगची माणसं टिकत नव्हती आणि रात्रपाळीची गैरहजेरी वाढत चालली होती. हजेरीपट एक सांगतो आणि फॉर्म दुसरंच, असं झालं की आधी फॉर्मकडे संशयानं बघावं. हजेरीपट कुणाला खूश करायला लिहिलेला नसतो.

फॉर्म जवळून वाचला तर

फॉर्मच्या डोक्यावर हा मजकूर होता:

«सर्व कामगारांना सूचित करण्यात येते की, सदर फॉर्म दि. २० पर्यंत न चुकता भरून सुपरवायझरकडे जमा करावा. फॉर्म न भरल्यास त्याची नोंद घेतली जाईल. माहिती गोपनीय ठेवण्यात येईल.»

व्याकरणाच्या दृष्टीनं यात काही चूक नाही. पण ‘सूचित करण्यात येते’, ‘जमा करावा’, ‘नोंद घेतली जाईल’ ही भाषा कामगाराला आधी भेटलेली असते ती मेमोमध्ये आणि ‘कारणे दाखवा’ नोटिशीत. या वाक्यांमध्ये विचारणारा माणूसच नाही. ‘करण्यात येते’ म्हटलं की करणारा पडद्याआड जातो. आपल्याला कोण विचारतंय हे कळत नसेल तर जो शहाणा असतो तो धोका टाळणारं उत्तर देतो, आणि ‘समाधानी’ हे तसंच उत्तर होतं. मराठीत सूर फार करून क्रियापदाच्या शेवटी बसलेला असतो. ‘भरावा’, ‘भरा’, ‘भरून द्या’ आणि ‘भरलात तर बरं होईल’ ही एकाच कामाची चार रूपं चार वेगवेगळी नाती सांगतात. त्यामुळे वरती ‘कृपया’ चिकटवून आणि खाली ‘करावा’ ठेवून सूर बदलत नाही. ‘कृपया’ आपल्याकडे पाटीवरचा शब्द आहे. बोलताना मराठी माणूस मान देतो तो ‘सांगा’, ‘द्या’ यांतून.

‘गोपनीय’ या शब्दानं आणखी घोटाळा केला. सरकारी नोकरीत ‘गोपनीय अहवाल’ म्हणजे साहेबानं हाताखालच्या माणसाविषयी लिहिलेला शेरा. घरात कुणी शिक्षक किंवा एसटीत असेल तर हा शब्द कानावर त्याच अर्थानं पडलेला असतो. म्हणजे आश्वासन म्हणून टाकलेला शब्द नेमका उलटा ऐकू गेला. शिवाय फॉर्मवर टोकन नंबरचा, म्हणजे कामगाराच्या ओळख क्रमांकाचा, रकाना होता. गोपनीय म्हणजे ऑफिसला माहीत असेल, पण ते इतरांना सांगणार नाही. नाव न कळणं ही वेगळी गोष्ट, आणि फॉर्म तयार करणाऱ्यांनी या दोन्हींची सरमिसळ केली होती. त्यावर ‘निनावी’ हाही उपाय नव्हे, कारण निनावी म्हटलं की निनावी पत्र आणि निनावी अर्ज आठवतात, कुणीतरी द्वेषानं केलेले. इथं एका शब्दानं काम भागत नाही, पूर्ण वाक्य लिहावं लागतं.

सगळ्यात खोलवरचा दोष मात्र ‘समाधानी’ या शब्दातच आहे, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पाच पायऱ्यांची मोजपट्टी रेन्सिस लायकर्टनं १९३२ मध्ये मांडली, आणि तिच्या धर्तीवर ‘अत्यंत समाधानी’ ते ‘अत्यंत असमाधानी’ असे रकाने आज जगभर छापले जातात. मराठीत समाधान हा माणसाचा गुण आहे. आहे त्यात समाधान मानावं, हे घराघरांत मुलांना शिकवतात. ‘असमाधानी माणूस’ म्हणजे कशानंच पोट न भरणारा, कुरकुऱ्या. म्हणजे प्रश्न विचारायचा होता कँटीनबद्दल आणि विचारला गेला स्वभावाबद्दल. आपला स्वभाव वाईट आहे, अशी खूण कोण करील?

शेवटचा रकाना ‘मातृभाषा’ हा होता. इंग्रजी नमुन्यात तो होता म्हणून इथंही आला. पण हा बेळगाव जिल्हा आहे. १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि १९६७ चा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल यांनंतर इथं कुठल्या गावात कोणती भाषा बोलणारे किती, हा आकडा साधा आकडा राहिलेला नाही. कागदावर भाषा विचारली की विचारणाऱ्याचा हेतू शोधला जातो, मराठी बोलणाऱ्याकडून आणि कन्नड बोलणाऱ्याकडूनही. त्या रकान्यातून कारखान्याला काहीच कळणार नव्हतं. उलट त्याच्यामुळे बाकीच्या सगळ्या उत्तरांवर सावट आलं.

वेळही चुकली. दिवाळीच्या तोंडावर हातात आलेला कुठलाही कागद बोनसचा समजला जातो. इथं जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी बरा: सुगी उरकलेली असते, लग्नसराईचा जोर अजून यायचा असतो. जुलै नको, तो भातलावणीचा, आणि येळ्ळूर-खानापूरकडचा कामगार शेतकरीही असतो. १ नोव्हेंबर हा कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, आणि इथले अनेक मराठी भाषक तो काळा दिवस पाळतात; त्याच्या आसपासचे दिवस टाळलेलेच बरे.

लंबक दुसऱ्या टोकाला

चूक कळल्यावर नवा मसुदा आला: «नमस्कार मित्रांनो! तुमचं मत आमच्यासाठी लाखमोलाचं! चला, मनमोकळ्या गप्पा मारू या!» शेजारी हसरे चेहरे काढलेले. पंचवीस वर्षं मोल्डिंगवर काढलेल्या माणसाला गेल्याच आठवड्यात याच ऑफिसनं उशिरा आल्याबद्दल मेमो दिला असेल, तर ‘मित्रांनो’ ऐकून तो आणखी सावध होतो. जे नातं नाही ते शब्दांत आणलं की कागदावरचं बाकी सगळंही खोटं वाटू लागतं.

तिसरा मसुदा बेळगावी बोलीत होता: «काय मामा, मास्क मिळालाय काय?» हेतू चांगला होता, पण हीच बोली छापलेल्या कागदावर ऑफिसच्या नावानं आली की कामगाराला वाटतं, आपली नक्कल चालली आहे. बोली तोंडी शोभते. वाचता न येणाऱ्याला फॉर्म वाचून दाखवणाऱ्यानं ‘मिळतंय काय?’ असंच विचारावं. छापील मजकुरानं साधी, सगळ्यांना कळणारी मराठी ठेवावी.

शेवटी ठरलं ते असं. संबोधन सगळीकडे ‘तुम्ही’. ‘आपण’ पूर्ण काढून टाकलं, कारण या शब्दाला दोन तोंडं आहेत: तो आदरानं ‘तुम्ही’ असतो आणि जवळिकीनं ‘तुम्ही-आम्ही मिळून’ही असतो. ‘आपल्या खात्यातल्या अडचणी’ म्हणजे माझ्या खात्यातल्या, की सगळ्यांच्या मिळून? ऑफिससाठी ‘आम्ही’, आणि त्या ‘आम्ही’खाली सही करणाऱ्यांची नावं. क्रियापदं ‘सांगा’, ‘लिहा’, ‘सोडून द्या’. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘यथायोग्य’ हे शब्द बाद झाले. ‘तक्रार’ही गेला, कारण तक्रार नेहमी कुणाविरुद्ध तरी असते. त्याच्या जागी ‘अडचण’ आलं. नवा मजकूर असा:

«नमस्कार. तुमच्या खात्यात काम कसं चाललं आहे ते तुमच्याकडून ऐकायचं आहे. प्रश्न १४ आहेत, सात-आठ मिनिटं लागतील. कागदावर नाव किंवा टोकन नंबर लिहू नका. कुणी काय लिहिलं ते आम्हालाही कळणार नाही. एखादा प्रश्न नको वाटला तर सोडून द्या. फॉर्म भरला नाही तरी चालेल. बोनस आणि पगारवाढ या कागदावरून ठरणार नाही. लोकांनी काय सांगितलं, त्यातलं काय होईल आणि काय होणार नाही, ते १५ दिवसांत कँटीनच्या फळ्यावर लावू.»

खाली कारखाना व्यवस्थापक आणि एचआर मॅनेजर या दोघांच्या सह्या. ‘फॉर्म भरला नाही तरी चालेल’ या वाक्यावर ऑफिसात वाद झाला, अशानं कुणी भरणारच नाही म्हणून. आमच्या मते हेच वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. सोडून देण्याची मुभा असते तेव्हाच भरलेल्या उत्तराला किंमत येते. मुभा नसली की ‘समाधानी’ची सरळ रेषा ठरलेलीच.

एका मास्कचा प्रश्न

फेटलिंगमध्ये ग्राइंडरखाली कास्टिंग घासताना वाळूची बारीक धूळ उडते. ती सिलिकाची असते आणि वर्षानुवर्षं छातीत जाऊन सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. त्यामुळे मास्कचा प्रश्न या फॉर्ममधला सगळ्यात महत्त्वाचा. जुना प्रश्न होता: «आपणास सुरक्षा साधने पुरेशी व वेळेवर पुरविली जातात, याबाबत आपण समाधानी आहात का?» एका वाक्यात यानं चार गोष्टी विचारल्या: साधनं कुठली, पुरेशी का, वेळेवर का, आणि तुम्ही समाधानी का. चारांना मिळून उत्तर एकच.

दुसरा प्रयत्न: «तुम्हाला मास्क मिळतो का?» हा प्रश्न साधा वाटतो, पण ‘मिळतो’ या रूपात रीत विचारली जाते, आणि रीत काय असावी ते सगळ्यांना ठाऊक असतं. उत्तर आलं, ‘मिळतो’. तिसरा: «गेल्या आठवड्यात किती दिवस नवा मास्क मिळाला?» समोर ० ते ६ अशी घरं. ‘मिळाला’ म्हटल्यावर माणूस रीत सोडून गेला सोमवार आठवतो. सूर बदलायला इथं गोडवा लागला नाही, काळ बदलला एवढंच. त्यातून आणखी एक साधतं: आकड्याला खूण करताना कामगार कुणावर आरोप करत नसतो. स्टोअरकीपरला वाईट न म्हणता तो खरं सांगू शकतो.

बाकीच्या प्रश्नांनाही हाच नियम लागला. ‘समाधानी’ गेलं आणि ‘रोज / बहुतेक दिवस / कधीकधी / एकदाही नाही’ ही घरं आली. नकारार्थी प्रश्न काढले. ‘जेवायला पुरेसा वेळ मिळत नाही का?’ याला मराठीत ‘हो’ म्हटलं तर ‘हो, मिळत नाही’ असाही अर्थ होतो आणि ‘हो, मिळतो’ असाही. कन्नड आणि हिंदीत उतरवताना तर हा गोंधळ आणखी वाढतो. शेवटचा ‘सूचना असल्यास लिहा’ही बदलला: ‘असल्यास’ म्हटलं की ‘नाहीत’ हे उत्तर आपण होऊन हातात देतो, आणि कारखान्यात ‘सूचना’ म्हणजे फळ्यावरचा हुकूम. त्याच्या जागी आलं: «तुमच्या खात्यातली एकच गोष्ट बदलायची, तर कुठली?»

तीन भाषा, एकच कागद

आधीच्या वर्षी मराठी, कन्नड आणि हिंदी फॉर्म वेगळे छापले होते. कन्नड फॉर्म एका अनुभवी माणसानं उतरवला होता, त्यात ‘तावु’ हे आदराचं संबोधन आणि विनंतीची रूपं होती. मराठीत मात्र ‘जमा करावा’. म्हणजे दोन भाषांच्या लोकांना दोन वेगळ्या सुरांत विचारलं गेलं होतं, आणि नंतर ऑफिस भट्टी आणि मोल्डिंग यांच्या आकड्यांची तुलना करत बसलं. आलेला फरक खात्यांचा होता की सुरांचा, हे सांगताच येणार नव्हतं. इथल्या बहुभाषी कारखान्यांत ही चूक अगदी नेहमीची आहे, आणि ती कुठल्याही हिशोबानं मागाहून दुरुस्त होत नाही.

म्हणून संबोधन आधी जुळवलं: मराठी ‘तुम्ही’, कन्नड ‘नीवु’, हिंदी ‘आप’, आणि तिन्हींकडे सारखीच साधी रूपं. मराठी मसुदा कन्नडमध्ये नेणारा एक, आणि मूळ न बघता तो कन्नडमधून परत मराठीत आणणारा दुसरा. बेळगावात दोन्ही भाषा येणारी माणसं प्रत्येक खात्यात सापडतात, त्यामुळे हे दोन दुपारचं काम आहे. परत आलेली मराठी पहिल्यापेक्षा कडक किंवा लाडिक वाटली की ते वाक्य पुन्हा करायचं. ‘तुमचा सुपरवायझर तुमचं ऐकून घेतो का’ मधलं ‘ऐकून घेतो’ परत येताना ‘आज्ञा पाळतो’च्या जवळ जाऊन बसलं. ते असंच सापडलं.

वेगळे फॉर्म मात्र ठेवले नाहीत. फेटलिंगच्या रात्रपाळीला हिंदी बोलणारे पाच-सहाच जण असतील, तर त्या पाळीचा हिंदी फॉर्म म्हणजे नाव लिहिल्यासारखंच. नवीन कागदावर प्रत्येक प्रश्न तिन्ही भाषांत एकाखाली एक आला आणि खूण करायची घरं एकच ओळ. मग कुणी कुठली भाषा वाचली, ते कागदावर उरत नाही. अक्षर १४ पॉइंटचं, कागद दोन्ही बाजूंनी छापलेला ए-३, मध्ये दुमडून. भाषांच्या क्रमावरून कुरबुर होऊ नये म्हणून मुखपृष्ठावर तिन्ही नमस्कार एकाच ओळीत घेतले. कारखाने कायदा १९४८ च्या कलम १०८ नं बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत सूचना लावायला सांगितलं होतं. फॉर्मला तेवढं पुरत नाही. जे बहुसंख्य नाहीत, त्यांचंच म्हणणं एरवी वर पोचत नाही.

फोनवरच्या फॉर्मचा विचार झाला आणि सोडला. लिंक उघडताना ईमेल किंवा नंबर मागितला की ‘नाव कळणार नाही’ हे वाक्य तिथंच मरतं.

छापण्याआधी सहा जणांकडून फॉर्म मोठ्यानं वाचून घेतला: दोन मराठी, दोन कन्नड, दोन हिंदी, वेगवेगळ्या खात्यांतले. वाचताना मनात काय येतं ते बोलायचं, एवढंच त्यांना सांगितलं. ‘वरिष्ठांचं सहकार्य मिळतं का?’ इथं मोल्डिंगचा माणूस थांबला: “वरिष्ठ म्हंजे? मिस्त्री की साहेब?” मिस्त्री रोजचा, गावातला, कधी नात्यातलाही. साहेब वेगळे. एकाच शब्दात दोघं बसत नाहीत, म्हणून दोन प्रश्न करावे लागले. अशी अडखळण्याची जागा ऑफिसात बसून कधीच सापडत नाही.

वाटप आणि उघडणं

पाळी संपताना फॉर्म दिले की बस गाठायच्या घाईत रकाने भरले जातात. म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली २० मिनिटं, पगारी वेळेत, कँटीनमध्ये. सुपरवायझर आणि ठेकेदाराचा माणूस बाहेर. वाचून दाखवणारे दुसऱ्या खात्यातले, कामगारांनीच निवडलेले. बंद पेटी दाराशी, आणि ती उघडताना कामगार प्रतिनिधी हजर. आठपेक्षा कमी माणसांचा गट अहवालात वेगळा दाखवायचा नाही, तो शेजारच्या पाळीत मिळवायचा. हातानं लिहिलेली उत्तरं एकाच माणसानं टाइप करायची आणि ओळख पटेल असे उल्लेख काढायचे, कारण अक्षरही ओळखता येतं. सुपरवायझरला मूळ कागद दाखवायचे नाहीत.

एक ओळ मुद्दाम घातली: लैंगिक छळासारख्या गोष्टीसाठी हा फॉर्म नाही, त्यासाठी २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती आहे, आणि तिच्या सदस्यांची नावं कँटीनमध्ये लावली आहेत. नाव नसलेल्या कागदावर असं काही आलं तर ऑफिसला ते दाबताही येत नाही आणि पुढेही नेता येत नाही.

आकडे खाली आले तेव्हा

नव्या फॉर्मचं चित्र जुन्यापेक्षा वाईट दिसलं. मास्कच्या घरांत शून्य आणि एक भरपूर. रात्रपाळीला पिण्याचं पाणी संपतं, ओटीचे (ओव्हरटाइमचे) तास वहीत एक आणि पगाराच्या स्लिपवर एक, मिस्त्री ऐकतो पण साहेब खाली येतच नाहीत. फॉर्म कमी आले, आणि काहींनी प्रश्न सोडले होते. व्यवस्थापनाच्या बैठकीत पहिला उद्गार निघाला की सूर सैल केल्यामुळे लोक बिघडले. अशा वेळी एचआरनं दोन वर्षांचे आकडे एका तक्त्यात मांडायला ठाम नकार द्यावा. जुना फॉर्म धाक मोजत होता, नवा मास्क मोजतो. त्यांची वजाबाकी होत नाही. या वर्षापासून नवी मोजणी सुरू, असं लिहून द्यावं.

आणि मग फळा. १५ दिवस म्हटलं असेल तर १६वा उजाडू देऊ नये, कारण सुराची परीक्षा तिथं होते. या प्रकरणातला फळ्यावरचा कागद अर्ध्या पानाचा होता, तिन्ही भाषांत, त्याच ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’मध्ये:

«तुम्ही सांगितलं: फेटलिंगला मास्क रोज मिळत नाही. सोमवारपासून मास्क पाळी सुरू होताना खात्यातच मिळतील, स्टोअरला जावं लागणार नाही. वाटपाची वही खात्यातच राहील, कुणीही बघू शकतं.
तुम्ही सांगितलं: ओटीचे तास जुळत नाहीत. मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा तपासतो आहोत. काय निघालं ते महिनाअखेरीला इथंच लावू.
तुम्ही सांगितलं: खानापूरकडे रात्री बस हवी. या वर्षी ते आम्हाला जमणार नाही. रात्रपाळीला जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पाळ्या एकत्र लावता येतील का, ते मिस्त्रींशी बोलून ठरवू.»